सांभाळायला दिलेला टाइपरायटर

शरणप्पा हुडगे यांच्या लातूरच्या घरी डझनभर टाइपरायटर होते आणि त्यांतला एकही कामाचा नव्हता. हे मत गौरम्मांचं. आल्यागेल्याला पाण्याचा तांब्या देतानाच त्या ते सांगून टाकत, म्हणजे पुढं शरणप्पा बोलायला लागले की पाहुणा सावध असावा.

शरणप्पांचं म्हणणं असं, की हे साधे टाइपरायटर नव्हेत, पोर्टेबल आहेत. कचेरीतलं मोठं मशीन म्हणजे म्हैस, एकदा बसली की उठत नाही. पोर्टेबल म्हणजे शेळी, काखेत मारली की निघाली. शरणप्पांची सारी नोकरी जिल्हा परिषदेत बदल्यांच्या टेबलावर गेली. जन्मभर माणसं इकडून तिकडे हलवलेल्या कारकुनाला निवृत्तीनंतर हलवता येणाऱ्या वस्तूंचा नाद लागला, यात नवल नाही. बंद पडलेल्या टायपिंगच्या क्लासांपासून वकिलांच्या माळ्यांपर्यंत, लातूरपासून पार हिमायतनगरपर्यंत त्यांनी सगळं धुंडाळलं होतं. मशिनींच्या पेट्या कपाटावर, पलंगाखाली आणि देवघराच्या वर होत्या. गव्हाच्या कोठीशेजारीही एक होती आणि गौरम्मा तिच्यावर सूप ठेवत.

एकच उणीव होती. सगळी मशीनं इंग्रजी. मराठी अक्षरांचं पोर्टेबल शरणप्पांना कुठंच मिळेना. रोज दुपारी ते खुर्चीत बसून स्टीलचा पेला टेबलावर ठोकायचे, तो चहासाठीचा इशारा, आणि चहा आला की त्या न मिळालेल्या मशिनीविषयी बोलायचे. गौरम्मा चहा ठेवून आत जायच्या. बोलणं चालूच राहायचं.

आणि मग, ऐन पौषात, लोह्याकडच्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. तिथल्या तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली बसून रामकिशन नावाचा एकजण लोकांचे अर्ज टाइप करायचा. पत्र्याच्या ट्रंकेवर मशीन, छोटंसं, पेटीतलं. माणूस वारला, मशीन घरी आहे. अक्षरं मराठी. शरणप्पा त्याच दिवशी नांदेड गाडीत बसले.

गाव लोह्यापासून आत होतं. रामकिशनच्या मुलानं, वैजनाथनं, नवं स्लॅबचं घर बांधलं होतं. वैजनाथ शेतात होता. दारात त्याची बायको तनुजा भेटली, आणि टाइपरायटर हा शब्द ऐकताच तिनं शरणप्पांना बसायला खुर्चीसुद्धा न देता सरळ म्हटलं, "घेऊन जा काका. आजच न्या." ज्या घरची सून पाहुण्याला वस्तू आजच न्या म्हणते ती वस्तू दोनदा तपासून घ्यावी, असा नियम आहे. पण नाद लागलेल्या माणसाला नियम आठवत नाहीत, आणि शरणप्पांना तर समोर स्टुलावर ठेवलेलं मशीन दिसलं होतं. काळं, चकचकीत, कुणीतरी रोज पुसत असल्यासारखं.

रोज पुसणारी स्टुलाशेजारीच बसली होती. केवळाबाई, रामकिशनची बायको. त्यांनी शरणप्पांना नीट न्याहाळून घेतलं, जसे बाजारात गिऱ्हाइकापेक्षा त्याचे हात बघतात.

"इकायचं न्हाई हे," केवळाबाई म्हणाल्या.

शरणप्पांचा चेहरा पडला. आतून तनुजानं भांडं आपटलं.

"पर सुनंला त्याचा तरास व्हतो. पोरगी भिऊन राहिली. म्हनून सांभाळायला देते. गाय देतो ना आपन एखाद्याला, तशी. वैरनपानी तुमचं. मला आठवन आली तर बघायला येईन. मागितलं तर आनून बांधायचं. हाय कबूल?"

मशिनीचा कसला त्रास होतो, हे शरणप्पांनी विचारायला हवं होतं. लेखी आदेशाशिवाय शिपायाची खुर्ची न हलवणाऱ्या या माणसानं उभ्या उभ्या तोंडी "हाव" म्हटलं. म्हातारी आपली बोलण्याची एक तऱ्हा म्हणून गाय म्हणते आहे, असं त्यांना वाटलं. तीच त्यांची चूक. सांभाळायला दिलेलं जनावर ही लोह्याकडच्या माणसासाठी बोलण्याची तऱ्हा नसते, करार असतो.

पेटीचं झाकण मात्र केवळाबाईंनी दिलं नाही. "जनावर देताना दावं देत न्हाईत," म्हणाल्या, आणि झाकण आपल्या मांडीवर ठेवून घेतलं. शरणप्पांनी उघडं मशीन त्यांच्याच जुन्या लुगड्यात गुंडाळलं. गुंडाळता गुंडाळता त्यांच्या लक्षात आलं, की आतली घंटी गायब आहे. ओळ संपत आली की टिंग वाजणारी छोटी वाटी. तिच्या जागी नुसतं स्क्रूचं भोक.

"मावशी, घंटी कुठंय हिची?"

"नसंल," केवळाबाई म्हणाल्या, आणि चूल नसलेल्या त्या नव्या घरात चूल बघायला उठून गेल्या.

लातूरला आल्यावर मशीन पुढच्या खोलीत खिडकीशी, टेबलावर विराजमान झालं. शरणप्पांनी संध्याकाळी त्यावर कागद चढवून आपलं नाव टाइप केलं. काही बटणं जड जात होती. जुनं यंत्र, थंडीचे दिवस, त्यांनी मनावर घेतलं नाही. बायकोला बोलावून ते नाव दाखवलं. "छान आहे," गौरम्मा म्हणाल्या, "आता हे कुठं ठेवायचं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी शरणप्पा पडले होते. घर शांत होतं, गल्लीत कुत्रंही नव्हतं.

टक्.

त्यांनी डोळे उघडले. पाल असेल. मग बराच वेळ काहीच नाही, इतका वेळ की पाल नसावी हे पटावं.

टक्.

आवाज पुढच्या खोलीतून येत होता. एखाद्या माणसानं मजकूर आठवत, थांबत, बोटानं एकेक अक्षर मारावं तसा. शरणप्पा दारापर्यंत गेले आणि तिथंच उभे राहिले. खोलीत कुणी नव्हतं. मशिनीवर ऊन पडलं होतं. कागदावर त्यांचं नाव होतं आणि नावाखाली कागद कोरा होता. त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा टक् झालं आणि कागद कोराच राहिला. हे शरणप्पांना सगळ्यात वाईट वाटलं. काही उमटलं असतं तर निदान काय म्हणणं आहे ते कळलं असतं.

भुतं रात्री येतात, ही ऐकीव माहिती. हे दुपारी यायचं. ऊन खिडकीत आलं की सुरू, ऊन उतरलं की बंद, आणि मधे जेवणाची सुटी असल्यासारखा थोडा खंड. मशीन बिघडलं तर नाही ना, म्हणून शरणप्पा रोज संध्याकाळी चार बटणं दाबून बघत. गौरम्मांनी दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी तनुजाला फोन लावला.

"काकू, तिकडं बी करून राहिलेत का?" तनुजाचा आवाज एकदम हलका झाला. "हितं रोज चालायचं. पाच वाजले की बंद. मामंजी कचेरीच्या टायमातच काम करायचे ना."

"सुटीबिटी असती का नाही?"

"आभाळ आलं की न्हाई यायचे. पावसापान्याचं लिंबाखाली कोन बसतंय?"

गौरम्मांनी फोन ठेवला आणि दुपारचं सगळं काम स्वयंपाकघरात हलवलं. तांदूळ निवडणं, टीव्ही बघणं, शेजारणीशी बोलणं, सगळं तिकडं. पुढची खोली त्यांनी नवऱ्याला आणि रामकिशनला दिली.

आता शेजाऱ्यांकडे वळायला हवं, कारण शेजारी आधीच आपल्याकडे वळलेले होते. समोरच्या घरातले वीरभद्र हे निवृत्त कृषी सहायक. पिकावर जे पडतं ते माणसावरही पडतं आणि दोन्हीला फवारणी लागते, असा त्यांचा साधारण अनुभव. त्यांनी आधी कडुनिंबाचा अर्क सुचवला. मग म्हणाले, "अप्पा, माझं ऐका. माहूरला जाऊन या. आईच्या पायाशी मशीन ठिवा, आन मागं न बघता गड उतरा."

"आन मशीन?"

"तेच तर म्हणतोय. मागं बघायचं नाही."

शरणप्पांनी मागं न बघता विषय बदलला. पण त्या दुपारी गौरम्मांच्या हट्टापायी मठातल्या स्वामींना बोलवावंच लागलं. स्वामी आले, भस्म लावलं, पादपूजा झाली, प्रसाद झाला आणि ते टेबलासमोर बसले. मशिनीनं मर्यादा न सोडता एकदा टक् केलं. स्वामींनी डोळे मिटले.

"आपल्या पंथात भूत होत नाही," स्वामी शांतपणे म्हणाले. "आपला माणूस लिंगैक्य झाला की शिवात मिळतो. परत यायचं कारणच नाही. हे आपल्यातलं नव्हे. ज्यांचं आहे त्यांच्याकडं चौकशी करावी."

शास्त्राप्रमाणे प्रकरण अधिकारक्षेत्राबाहेरचं निघालं. शरणप्पांना हे कळण्यासारखं होतं. त्यांनी स्वतः असे हजारो अर्ज परत पाठवले होते. विचार करता त्यांना वाटलं, की ही तर आंतरजिल्हा बदली झाली. मनुष्य नांदेड जिल्ह्याचा, मूळ ठाणं लोहा, आणि कुठल्याही आदेशाशिवाय लातुरात येऊन रुजू झाला आहे. रोज वेळेवर येतो, वेळेवर जातो, कामाबद्दल तक्रार नाही. असा कर्मचारी त्यांना नोकरीत कधी मिळाला नव्हता, आणि हे त्यांनी गौरम्मांना बोलून दाखवलं. त्या दिवशी गौरम्मांनी ताट नुसतं समोर सरकवलं.

मग कर विभागाचा माणूस आला. कुणीतरी कळवलं होतं, की शरणप्पांच्या राहत्या घरात टायपिंगचा धंदा चालतो. दुपारभर मशिनीचा आवाज येतो. कुणी कळवलं, ते कळलं नाही. वीरभद्र मात्र आठवडाभर आपल्या ओट्यावर बसले नाहीत. आलेल्या माणसाचं नाव आनंदराज. नवीन, शिस्तीचा, पाठीवर बॅग.

"राहत्या जागेत व्यवसाय असल्यास कराचा दर वेगळा पडतो," आनंदराज म्हणाले.

"घरात कोणीच टाइप करत नाही," शरणप्पा म्हणाले. हे शब्दशः खरं होतं.

टक्, असा आवाज पुढच्या खोलीतून आला.

आनंदराजांनी भुवया उंचावल्या आणि उठून आत गेले. शरणप्पा मागोमाग. खोलीत ऊन होतं, टेबल होतं, मशीन होतं. आनंदराजांनी टेबलाखाली वाकून पाहिलं, पडदा सारला, कपाट उघडलं. कपाटातून एक इंग्रजी पोर्टेबल त्यांच्या पायावर पडता पडता राहिलं. मग ते पंचनामा लिहायला बसले. पहिलीच ओळ लिहीत असताना त्यांच्या कोपराशी, हातभर अंतरावर, मशिनीतला अक्षराचा एक दांडा हलला. सावकाश. खाली आला आणि टक् करून बसला. तो दांडा हलताना शरणप्पांनीही पहिल्यांदाच पाहिला. त्यांच्या मानेवर काटा आला आणि तरीही, कारकूनच तो, त्यांची नजर आनंदराजांच्या कागदावर गेली.

आनंदराजांनी लिहिलं होतं: यंत्र चालू. चालक दिसून आला नाही.

चहा त्यांनी अर्धा टाकला. पेन टेबलावरच राहिलं आणि ते न्यायला ते कधी आले नाहीत. कराचं पुढं काही झालं नाही.

आठवड्यानं ओट्यावर परत आलेल्या वीरभद्रांनी यातून नवाच सिद्धांत काढला. "घंटी नाही ना त्या मशिनीला? मंग ओळ संपली हे त्यांना कसं कळावं? मारूनच राहिलेत बिचारे, एकच ओळ. तुम्ही घंटी बसवा, ओळ संपंल, मोकळे होतील." हे इतकं पटण्यासारखं होतं की शरणप्पा नांदेडला गेले आणि इतवाऱ्यातल्या भंगाराच्या दुकानांतून फिरले. घंटी म्हणताच लोकांनी त्यांना सायकलच्या, देवळाच्या, शेळीच्या गळ्यातल्या अशा सगळ्या घंटा दाखवल्या. एकानं शाळेची थाळी काढली. अखेर एका मोडक्या मशिनीच्या पोटातून हवी तशी वाटी निघाली. घरी आल्यावर कळलं, की तिचा स्क्रू या भोकाला बसत नाही. शरणप्पांनी घंटी बिस्किटाच्या डब्यात, जुन्या स्क्रूंबरोबर ठेवली, आणि योग्य स्क्रू मिळेपर्यंत प्रकरण प्रलंबित राहिलं.

उलगडा केला तो गौरम्मांनी, आणि तोही त्यांच्या नकळत. थंडीनं खोबरेल थिजलं होतं. स्वयंपाकघरात ऊन येत नाही, म्हणून एका सकाळी त्यांनी धीर करून तेलाची बाटली पुढच्या खोलीतल्या खिडकीत, मशिनीशेजारी ठेवली आणि पाठ न दाखवता बाहेर आल्या. दुपारी शरणप्पा बसले होते. ऊन आलं. बाटलीतलं पांढरं कडेकडेनं पाणी होऊ लागलं. आणि टक्.

शरणप्पांनी बाटलीकडे पाहिलं. मशिनीकडे पाहिलं. मग नाक मशिनीत घातलं. दोन्हीला एकच वास होता.

रामकिशन जन्मभर मशिनीला खोबरेल घालत आला होता. साधी गोष्ट होती. थंडीत तेल सांध्यांत थिजायचं. संध्याकाळी कुणी बटणं दाबली, मग ते शरणप्पा असोत की फडक्यानं पुसणाऱ्या केवळाबाई, की एखाद-दोन दांडे वर अधांतरी अडकायचे. दुसऱ्या दिवशी ऊन लागलं, तेल सुटलं, की एकेक दांडा आपल्या जागी पडायचा. आभाळ असलं की सुटी.

शरणप्पांनी जरा वेळ वाट पाहिली, कुणी ऐकायला नाही याची खात्री केली आणि मोठ्यानं हसले. मग त्यांनी मशीन अंगणात नेलं. रॉकेल आता औषधालाही मिळत नाही, म्हणून स्कूटरमधलं पेट्रोल काढून, जुन्या दात घासायच्या ब्रशनं त्यांनी प्रत्येक सांधा धुतला. खोबरेलाचा थेंब राहू दिला नाही. वीरभद्रांना बोलावून सगळं शास्त्र समजावलं. वीरभद्र म्हणाले, "मी तर पहिल्याच दिवशी म्हणलो होतो, धुवा म्हणून."

दुपार झाली. ऊन आलं. मशीन गप्प बसलं. गौरम्मा तांदळाचं ताट घेऊन परत पुढच्या खोलीत आल्या. शरणप्पांनी पेला ठोकला, चहा आला, सगळं पूर्वीसारखं झालं. फक्त ऊन उतरेपर्यंत शरणप्पांचं लक्ष सारखं टेबलाकडे जात होतं. रोज येणारा माणूस आज आला नाही, असं काहीसं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत केवळाबाई आल्या. न कळवता. हातात पिशवी, पिशवीत ज्वारीची कणसं.

"बघायला आले," केवळाबाई म्हणाल्या. "म्हनलं होतं ना."

गौरम्मांनी त्यांचे पाय धुवायला पाणी दिलं, जेवायला बसवलं. जेवण झाल्यावर त्या पुढच्या खोलीत गेल्या आणि मशिनीसमोर जमिनीवर, पाय दुमडून बसल्या. ऊन खिडकीत आलं होतं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. कुणी मोठं माणूस घरी यायचं असलं की बाया करतात तसा.

शरणप्पा दारात उभे होते. त्यांना सगळं शास्त्र माहीत होतं.

बराच वेळ गेला. केवळाबाई वाट बघत होत्या. घाई नव्हती, त्यांना सवय होती.

"हितं बोलत न्हाईत का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"थंडी हाय ना मावशी," शरणप्पा म्हणाले. "अन्... नवी जागा."

केवळाबाईंनी मान हलवली. "व्हय. जनावर नव्या दावनीला रुळलं की जुन्या धन्याला वळखत न्हाई." त्या हसल्या, पण डोळे पुसले. "घर मुकं झालंय हो आप्पा. सून सुखी हाय आता, तिचं बी बरोबर हाय. पर दुपार जाईना मला."

काहीतरी बोलावं म्हणून शरणप्पांनी बिस्किटाचा डबा आणला आणि घंटी दाखवली. "हे बघा, घंटी मिळवली तुमच्या मशिनीची. स्क्रू मिळाला की बसवतो."

केवळाबाईंनी घंटी हातात घेतली आणि लगेच परत दिली, गरम भांडं ठेवावं तशी.

"नका बसवू. मीच काढली होती ती." मग म्हणाल्या, "घरी काम आनायचे. चहा पायजे असला की मशिनीचा गाडा सरकवून घंटी वाजवायचे. तोंडानं मागायचे न्हाईत. येक दिवस मला लई राग आला. म्हनलं, मी काय शिपाई हाय का? काढली आन हिरीत टाकली. काहीच बोलले न्हाईत. तवापासून चहा बी मागितला न्हाई कधी. मी देईन तवा प्यायचे. दोन वर्सं असं. मंग गेले."

आतून गौरम्मा चहा घेऊन येत होत्या. त्या दारातच थांबल्या. त्यांनी केवळाबाईंकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. टेबलावर स्टीलचा पेला होता. शरणप्पांनी तो उचलून मागं धरला.

केवळाबाईंनी मशीन परत मागितलं नाही. मागितलं असतं तर सोपं होतं. संध्याकाळच्या गाडीला त्या निघून गेल्या, आणि शरणप्पा आणि ते मशीन एकमेकांसमोर बसले. इतकी वर्षं शोधलेली वस्तू. त्यांच्या संग्रहातलं एकमेव मराठी पोर्टेबल. मनात हिशेब सरळ होता. म्हातारीला एक आवाज हवा होता, आणि तो शरणप्पांनी धुऊन काढला होता.

रात्रीची भांडी आवरून गौरम्मा बाहेर आल्या आणि खोबरेलाची बाटली त्यांच्यासमोर ठेवली.

"सांध्यात नीट घाला," गौरम्मा म्हणाल्या. "हात आखडू नका."

शरणप्पांनी त्याच रात्री ते मशीन खोबरेलानं माखलं, सगळी बटणं दाबून ठेवली, आणि सकाळी ते लुगड्यात गुंडाळून गाडीत बसले. अहमदपूरच्या पुढं ऊन खिडकीतून मांडीवर आलं आणि लुगड्यातून टक् झालं. कंडक्टरनं लुगड्याकडे पाहिलं. "कोंबडी असंल तर तिकीट लागतं," तो म्हणाला. कोंबडी नाही असं शरणप्पांनी सांगितलं. काय आहे ते विचारायला कंडक्टर थांबला नाही.

केवळाबाईंनी मशीन स्टुलावर ठेवून घेतलं, हळदकुंकू लावलं, झाकण शेजारी ठेवलं. तनुजा आत निघून गेली. थोड्या वेळानं टक् झालं, आणि केवळाबाईंचं तोंड शरणप्पांना बघवेना, इतकं उजळलं. आपण एका म्हातारीला फसवलं, या जाणिवेनं ते परतीच्या गाडीत हळहळले, आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदमच.

पण कारकून माणूस, पुढची तारीख बघणारा. थंडी सरली, होळी झाली, आणि शरणप्पांना घोर लागला. उन्हाळ्यात खोबरेल थिजत नाही. थिजलं नाही तर दांडे अडकत नाहीत, आणि अडकले नाहीत तर पडणार काय? चैत्रातच ते मशीन मुकं होणार आणि केवळाबाई पदर सारखा करून दुपारभर बसून राहणार. शरणप्पा फोन वाजला की दचकत. आपणहून फोन करायचं धाडस त्यांना झालं नाही. गौरम्मा रोज विचारायच्या, "केला का फोन?" आणि ते पेपर उघडायचे.

वैशाख लागला. लातूर तापलं. खिडकीतली खोबरेलाची बाटली पाण्यासारखी हलत होती. एका दुपारी फोन वाजला. वैजनाथचा नंबर होता.

"आप्पा," केवळाबाईंचा आवाज. "कवापासून म्हनते फोन करावा. तुम्ही लई मोठं काम केलं."

"काय झालं मावशी? बंद पडलं का?"

"बंद? रोज चालतंय. हिवाळ्यात थांबून थांबून यायचे, आता तर दिसभर मारून राहिलेत. सूनबाईला बी सवय झाली. काल म्हनली, आत्या, आज मामंजींना काम लई आलंय वाटतं." त्या हसल्या. मग आवाज जरा खाली आला. "आन मी नको म्हनलं तरी घंटी बसवून दिली तुम्ही. मला सांगितलं बी न्हाई."

शरणप्पांनी खुर्ची धरली.

"काल वाजली. दुपारी. मी तितंच बसले होते. येकदाच, लहान. मी उठून चहा टाकला, आप्पा. कप ठिवला मशिनीपाशी. लई दिसांनी मागितला."

"हाव मावशी," शरणप्पा म्हणाले. "बसवली. तुम्हाला सांगायचं राहून गेलं."

फोन ठेवून ते कपाटापाशी गेले. बिस्किटाचा डबा काढला. स्क्रूंच्या ढिगात, त्यांनी ठेवली होती तिथंच, घंटी होती. वाटीसारखी, चकाकणारी, वरती भोक, भोकात स्क्रू नाही. त्यांनी ती हातात घेतली नाही. झाकण लावलं, डबा ठेवला, कपाट बंद केलं, आणि खुर्चीत येऊन बसले. ऊन टेबलावर होतं. टेबल रिकामं होतं. पेला पुढ्यात होता आणि त्यांचा हात सवयीनं त्याच्याकडे गेला.

मग तो हात त्यांनी मागं घेतला आणि ते उठले. स्वयंपाकघरात जाऊन साखरेचा डबा शोधला, मग चहापत्तीचा, मग दूध, आणि दोन कप चहा टाकला. एक मागच्या दारी ओट्यावर नेऊन ठेवला, तांदूळ निवडणाऱ्या गौरम्मांच्या हाताशी.

रामकिशन घरात होता तेव्हासुद्धा गौरम्मा इतक्या घाबरल्या नव्हत्या. त्यांनी कपाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, ताट खाली ठेवलं आणि स्वामींना फोन लावला.